हेड्रियनच्या भिंतीवरचे टेहळणी बुरूज

रोमन सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ च्या सुमारास ब्रिटनच्या उत्तरेला जी भिंत घालायला घेतली तिच्यातच बांधलेले हे छोटे चौकोनी मनोरे, इंग्रजीत यांना टरेट म्हणतात. बुरूज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गडाचा गोल फुगीर बुरूज येतो, तो इथे विसरायचा. हे म्हणजे एकावर एक दोन खोल्या, बाहेरून साधारण ६ मीटर बाय ६ मीटर, आत जेमतेम ४ मीटर जागा, पाठ भिंतीत रुतलेली आणि दार दक्षिणेला म्हणजे रोमन बाजूला. वर जायला शिडी.

भिंत पूर्वेला वॉल्सएंडपासून पश्चिमेला बोनेसपर्यंत ८० रोमन मैल, म्हणजे ११७ किमीच्या आसपास. दर रोमन मैलाला (सुमारे १.४८ किमी) गेट असलेली एक छोटी गढी, तिला माइलकॅसल म्हणतात, आणि दोन गढ्यांच्या मधे दोन टरेट, म्हणजे साधारण दर ५०० मीटरला कुणीतरी बघतंय असा हिशोब. आजचे नंबर पूर्वेकडून चालतात, २६बी म्हणजे २६ नंबरच्या गढीनंतरचा दुसरा टरेट, अर्थात हे नंबर आत्ताच्या अभ्यासकांनी दिलेत, रोमनांनी नाही.

हा २६बी ब्रंटनला आहे आणि बघायचाच असेल तर हाच बघावा. अजून अडीच मीटरच्या आसपास उभा आहे. आधीचा प्लॅन भिंत १० रोमन फूट जाड करायचा होता, त्यामुळे टरेट आधी बांधून दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीचे कान काढून ठेवले, की मागून येणारी भिंत त्याला जोडता येईल, पण भिंत तिथे पोचेपर्यंत वरून ऑर्डर बदलली, जाडी कमी करा म्हणून, मग एका बाजूला जाड कानाला बारीक भिंत येऊन चिकटलीय आणि मधे चक्क पायरी पडलीय. सरकारी काम तेव्हाही तसंच!

पश्चिमेच्या भागात भिंत सुरुवातीला मातीच्या ढेकळांची होती पण टरेट मात्र पहिल्यापासून दगडी. पाइक हिलचा मनोरा तर भिंतीच्या आधीचाच, म्हणून तो भिंतीला ४५ अंशात तिरका बसलाय, भिंतच त्याला येऊन मिळाली.

पहारा द्यायला ऑक्झिलरी सैनिक, म्हणजे साम्राज्याच्या वेगवेगळ्या प्रांतांतून भरती केलेले लोक. खोदकामात चुलीच्या खुणा आणि फुटकी मडकी मिळतात, म्हणजे लोक तिथे नुसते उभे नव्हते, रांधून खातही होते. छप्पर सपाट की उतरतं यावर वाद चालूच आहे. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर डॅन्यूबकाठचे मनोरे कोरलेत, त्यांना वर गॅलरी आणि बाहेर काढलेली मशाल आहे, त्यावरून इथली चित्रं काढतात, पण ती नदी वेगळी, भिंत वेगळी, सरसकट तसंच मानू नये.

एवढं करून दुसरं शतक संपेपर्यंत मधल्या कड्यांच्या पट्ट्यातले बरेच टरेट रोमनांनी स्वतःच बंद केले. दार बुजवलं, वरचं बांधकाम उतरवलं, भिंतीतला खाचा दगडांनी भरला आणि त्यावरून भिंत सरळ ओढून घेतली.