मोठ्या वीज-मांडणीच्या तपासणीचा अर्ज: गळती प्रवाहाची नोंद कशी द्यावी

मोठ्या इमारतीची किंवा कारखान्याची वीज-मांडणी चालू करण्याआधी तपासणीचा अर्ज भरायला बसलं, की ‘अर्थ लीकेज किती?’, म्हणजे अर्थिंगमध्ये किती प्रवाह गळतो, या रकान्यापाशी हमखास अडायला होतं. मग मेन पॅनेलवर क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा अडकवून प्रवाह मोजणारा मीटर) लावून जो आकडा दिसेल तो लिहून टाकला जातो. त्या एका आकड्यावरून मांडणी पासही ठरत नाही आणि नापासही. सगळ्या मांडणीला मिळून इतके मिलिअँपिअर चालतील, अशी एकच मर्यादा आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात नाही. मर्यादा सर्किटागणिक ठरते, म्हणून नोंदही सर्किटवारच द्या.

अर्ज आणि सही कोणाची

अर्ज मालकाच्या किंवा वापरकर्त्याच्या नावाने जातो. चाचणी अहवालावर मात्र पडताळणीचं काम जाणणाऱ्या पात्र व्यक्तीची सही लागते. अर्जाचा नमुना आणि शुल्क तिथली तपासणी यंत्रणा ठरवते.

किती गळती चालते

फिल्टर (विजेतला गोंगाट गाळणारा भाग, त्यात कपॅसिटर असतात) बसवलेल्या प्रत्येक उपकरणातून थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये जातोच, आणि तो बिघाड नव्हे. २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झवर १० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर जवळजवळ ०.७ मिलिअँपिअर सोडतो. पण ही थेंबाथेंबाची गळती एका आरसीसीबीवर (गळती वाढली की पडून वीज तोडणाऱ्या स्विचवर) साचत जाते. मानकाप्रमाणे ही गळती आरसीसीबीच्या रेटिंगच्या (ज्या गळतीला ती पडायलाच हवी त्या आकड्याच्या) ३० टक्क्यांच्या आत राहायला हवी. म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर ९ मिलिअँपिअर. प्रत्येक संगणक १ मिलिअँपिअर सोडत असेल, तर त्या आरसीसीबीवर नऊच संगणक. पंधरा जोडले की गळती निम्म्या रेटिंगला पोचते, आणि तिथून पुढे आरसीसीबी विनाकारण पडली तरी दोष तिचा नसतो. असं झालं की आरसीसीबीच काढून टाकण्याचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका, सर्किटं विभागा.

दुसरी मर्यादा अर्थ वायरची. कायम जोडलेल्या उपकरणाची गळती १० मिलिअँपिअरच्या वर जाणार असेल, तर अर्थ वायर तांब्याची किमान १० चौरस मिलिमीटर किंवा ॲल्युमिनियमची किमान १६ चौरस मिलिमीटर हवी, नाहीतर दुसरी अर्थ वायर ओढावी. कारण ती एकच वायर तुटली, तर तो सगळा प्रवाह उपकरणाला हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो.

मोजायचं कसं

मेगरचा (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरचा) निकाल म्हणजे गळतीची नोंद नव्हे. ५०० व्होल्ट डीसीवर किमान १ मेगओहम आलं, म्हणजे इन्सुलेशन धड आहे एवढंच कळतं. कपॅसिटरमधून जाणारा एसी प्रवाह त्यात दिसत नाही. त्यासाठी मांडणी चालू ठेवून, फेज आणि न्यूट्रल एकत्र क्लॅम्पमध्ये घ्या आणि अर्थ वायर बाहेर ठेवा. फक्त अर्थ वायरवर क्लॅम्प लावला तर पाइप, लोखंडी सांगाडा अशा इतर वाटांनी गेलेला प्रवाह सुटतो.

तीन फेजच्या मेनवर आणखी एक फसगत होते. तिन्ही फेजची गळती सारखी असली की ती एकमेकींना बरीचशी खोडून काढते, आणि मेनवर अगदी छोटा आकडा दिसतो. खालच्या सर्किटांवर मात्र ती जागच्या जागी असते.

रीडिंग दोनदा घ्या, कमी लोडवर आणि पूर्ण लोडवर. तीच उपकरणं चालू ठेवून नुसता लोड वाढवला आणि आकडा फारसा हलला नाही, तर गळती बहुधा फिल्टरची. लोडबरोबर आकडाही चढत गेला, तर पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ चुकून जोडले गेलेत का, ते आधी शोधा आणि मगच अर्ज करा.

सोबत जोडायचे कागद

- सिंगल लाइन डायग्राम (सगळी मांडणी एकेरी रेषांनी दाखवणारा आराखडा)
- सर्किटांची यादी: केबल, अर्थ वायरचा आकार, आरसीसीबीचं रेटिंग आणि प्रकार
- प्रत्यक्ष पाहणी, इन्सुलेशन आणि अर्थ सलगतेच्या नोंदी
- आरसीसीबी चाचणी: साधी आरसीसीबी रेटिंगच्या प्रवाहावर ३०० मिलिसेकंदांत पडायला हवी
- सर्किटवार गळती, त्या वेळच्या लोडसह
- मीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र

मोटारींना व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी उपकरणं) असतील तर उत्पादकाने दिलेली गळतीची माहितीही जोडा. तीन फेज व्हीएफडीमध्ये बिघाड झाल्यास सपाट (चढउतार नसलेली) डीसी गळती येऊ शकते. ती साध्या आरसीसीबीला ओळखता येत नाही, त्यासाठी बी टाइपची आरसीसीबी लागते. यादीतला ‘प्रकार’ हा रकाना म्हणूनच रिकामा सोडू नका.