जीवशास्त्र, कंट्रोल आणि एआय एकत्र करणाऱ्यांसाठी मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

पेशींमध्ये जनुकीय सर्किट, म्हणजे एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जनुकांची जोडणी बसवायची, तिला फीडबॅक कंट्रोलने, म्हणजे मोजमाप बघून सतत दुरुस्ती करत, ताब्यात ठेवायचे आणि मॉडेल बनवायला मशीन लर्निंग वापरायचे, असे काम करणाऱ्याची अडचण पीएचडी संपल्यावर सुरू होते. बायोलॉजी विभाग म्हणतो तुम्ही इंजिनिअर, इंजिनिअरिंग विभाग म्हणतो तुम्ही बायोलॉजीवाले. प्राध्यापकपदाच्या निवडीत या भांडणाचा निकाल लागायचा, तर मधल्या काळात स्वतःच्या नावावर आणलेला निधी आणि स्वतंत्र प्रकल्प हाताशी असावा लागतो. त्यासाठी जगभरातून ज्या दारावर सगळ्यात जास्त गर्दी होते, ते म्हणजे युरोपियन युनियनची मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिप. ती होरायझन युरोप या युनियनच्या 2021 ते 2027 च्या संशोधन निधी कार्यक्रमातून दिली जाते.

गर्दी म्हणजे किती? 2024 च्या फेरीत 10,360 अर्ज आले आणि 1,696 मंजूर झाले. 2025 मध्ये अर्जांचा आकडा 17,058 वर गेला. या लेखातले नियम 2025 च्या फेरीचे आहेत. दर फेरीत काही ना काही बदलते, त्यामुळे ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची मार्गदर्शक पुस्तिका उघडून प्रत्येक अट पुन्हा ताडून घ्या.

पात्रता

अर्जाच्या शेवटच्या तारखेला पीएचडी झालेली हवी. व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, यशस्वी झाला आहे आणि पदवीदान समारंभ बाकी आहे, एवढ्यावर 2025 मध्ये काम भागत होते. पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नसावा. संशोधनाबाहेर घालवलेला काळ आणि मूल झाल्यावर घेतलेली रजा यातून वजा होते. कंट्रोलवाल्यांनी इथे जरा थांबावे. ऑटोमेशन कंपनीत नोकरी केली असेल तर ती संशोधनात धरायची की नाही, हे कामाच्या स्वरूपावर ठरते. कारखान्यात कंट्रोल सिस्टिम बसवून चालू करून देणे हे संशोधन नाही. त्याच कंपनीच्या संशोधन विभागात नवा अल्गोरिदम विकसित करणे हे संशोधन आहे. नेमणूकपत्रात नुसते ‘इंजिनिअर’ लिहिलेले असेल, तर कामाचे स्वरूप सांगणारे पत्र आताच मागून ठेवा.

राष्ट्रीयत्वाची अट कोणत्या प्रकारात अर्ज करता त्यावर आहे. युरोपियन फेलोशिपला कोणत्याही देशाचा नागरिक चालतो. मुदत 12 ते 24 महिने, आणि यजमान संस्था युरोपियन युनियनच्या किंवा होरायझन युरोपशी संलग्न असलेल्या देशात हवी. 1 जानेवारी 2024 पासून ब्रिटनही संलग्न देशांत आहे, आणि या क्षेत्रासाठी ते महत्त्वाचे आहे. ग्लोबल फेलोशिप, म्हणजे आधी या देशांबाहेर काम करून मग परत इथे येण्याचा प्रकार, मात्र फक्त युनियनच्या किंवा संलग्न देशांच्या नागरिकांना किंवा तिथल्या दीर्घकालीन रहिवाशांना मिळते.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते मोबिलिटीच्या नियमात. शेवटच्या तारखेच्या आधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात तुमचे वास्तव्य किंवा मुख्य काम, म्हणजे नोकरी किंवा शिक्षण, एकूण 12 महिन्यांपेक्षा जास्त झालेले नसावे. 2025 ची शेवटची तारीख 10 सप्टेंबर होती. समजा एखादीने 2020 ते 2024 नेदरलँड्समध्ये पीएचडी केली. तिच्यासाठी नेदरलँड्स बाद. शेजारचे बेल्जियम मात्र खुले. हे 12 महिने सलग असायला हवेत असे नाही, तुकड्यातुकड्यांची बेरीज धरतात. सुट्टीतल्या छोट्या फेऱ्या मोजत नाहीत.

एका फेरीत एकच अर्ज करता येतो. दोन देशांत दोन घोडे पळवून पाहण्याची सोय नाही.

पॅनेल निवडणे

अर्जात आठ शास्त्रीय पॅनेलांपैकी एक निवडावे लागते आणि तुमच्या प्रकल्पाला कोणते परीक्षक मिळणार हे त्यावर आणि निवडलेल्या विषय-शब्दांवर ठरते. तीन विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्याला लाइफ सायन्सेस आणि इन्फर्मेशन सायन्स अँड इंजिनिअरिंग ही दोन्ही पॅनेल आपलीच वाटतात. माझ्या मते इथे एकच प्रश्न विचारावा: तुमचा कंट्रोलर कुठे बसला आहे?

दोन प्रसिद्ध प्रयोग शेजारी ठेवा. 2019 मध्ये झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठाच्या बाझलमधल्या गटाने ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीतच इंटिग्रल कंट्रोलर बांधला. जनुके चालू करणारे एक सिग्मा प्रथिन आणि त्याला जखडून निष्प्रभ करणारे प्रतिसिग्मा प्रथिन, या जोडीतून पेशी स्वतःच त्रुटीची बेरीज ठेवते आणि व्यत्यय आला तरी ठरलेल्या पातळीवर परतते. इथे कंट्रोलर डीएनएत लिहिलेला आहे. 2017 च्या दुसऱ्या प्रयोगात ई. कोलायमधला टॉगल स्विच, म्हणजे एकमेकांना दाबणाऱ्या दोन जनुकांची जोडी, मधल्या अस्थिर बिंदूवर धरून ठेवला. एरवी अशी पेशी या नाहीतर त्या बाजूला घरंगळतेच. तिथे सूक्ष्मदर्शक पेशीची चमक मोजत होता, संगणक गणित करत होता आणि दोन रसायनांचे प्रमाण बदलत होते. कंट्रोलर पेशीच्या बाहेर, संगणकात.

तुमची नवी गोष्ट पहिल्या जातीची असेल तर लाइफ सायन्सेसकडे जा. दुसऱ्या जातीची असेल, म्हणजे नावीन्य अल्गोरिदममध्ये, स्थैर्याच्या सिद्धतेत किंवा मोजमाप कमी असताना शिकणाऱ्या मॉडेलमध्ये असेल, तर इंजिनिअरिंगकडे. ‘एआय वापरणार’ एवढ्या कारणावर पॅनेल ठरवू नका. एआय आता सगळ्याच पॅनेलांच्या अर्जांत असते.

कागदपत्रे

अर्ज तुम्ही एकट्याने करत नाही. यजमान संस्थेकडून सुपरवायझर मुख्य संपर्क म्हणून पोर्टलवर अर्ज उघडतो आणि तुम्हाला त्यात जोडतो. फेरी उघडण्याची वाट न बघता त्याआधीच सुपरवायझरशी बोलणी झालेली असावीत. 2025 ची फेरी 8 मे रोजी उघडली, म्हणजे हातात जेमतेम चार महिने होते. या क्षेत्रात शक्यतो दोन मार्गदर्शक ठरवा, एक ओल्या, म्हणजे पेशींवर प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या प्रयोगशाळेतला आणि एक कंट्रोल किंवा मशीन लर्निंगचा, आणि कोणाकडे काय शिकणार ते स्पष्ट लिहा. प्रशिक्षणावर आणि ज्ञानाच्या दुतर्फा देवाणघेवाणीवर परीक्षक गुण देतात.

भाग ए हा ऑनलाइन फॉर्म आहे. त्यात गेल्या पाच वर्षांतले वास्तव्य आणि काम तारखांसह भरायचे असते. पासपोर्टवरचे शिक्के आणि नोकरीची पत्रे समोर ठेवूनच भरा. भाग बी1 म्हणजे मूळ प्रस्ताव, जास्तीत जास्त दहा पाने. त्याला उत्कृष्टता 50 टक्के, परिणाम 30 टक्के आणि अंमलबजावणी 20 टक्के असे वजन आहे. भाग बी2 मध्ये सीव्ही, सहभागी संस्थांची क्षमता आणि नैतिकतेचे अधिकचे तपशील येतात. शैक्षणिक क्षेत्राबाहेरच्या संस्थेत शेवटी सहा महिन्यांपर्यंतची प्लेसमेंट घेणार असाल, तर त्या संस्थेचे हमीपत्रही लागते. पीएचडीचे प्रमाणपत्र किंवा व्हायवाची तारीख दाखवणारे विद्यापीठाचे पत्र तयार ठेवा.

नैतिकतेच्या तक्त्यात आपल्या क्षेत्रातल्या लोकांचे किमान दोन ठिकाणी ‘हो’ येते. एक, जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांमुळे आरोग्य, सुरक्षा आणि पर्यावरणाच्या रकान्यात. दुसरे, एआयच्या रकान्यात. घाबरून ‘नाही’ टाकू नका. ‘हो’ म्हणा आणि काळजी कशी घेणार ते लिहा: अशा सूक्ष्मजीवांच्या बंदिस्त वापराबद्दलच्या युरोपियन युनियनच्या 2009/41/ईसी या निर्देशानुसार यजमान प्रयोगशाळेकडे कोणत्या वर्गाची परवानगी आहे, आणि मॉडेल चुकले तर कंट्रोलर कोणत्या सुरक्षित स्थितीत परततो. दुसरे उत्तर कंट्रोलवाल्याला तोंडपाठ असते, पण तो ते लिहायलाच विसरतो.

दहा पाने

तीन विषयांची तीन प्रकरणे पाडली की अर्ज पातळ होतो. त्याऐवजी एकच बंद लूप मांडा: काय मोजणार, किती मिनिटांनी, कंट्रोलर काय ठरवणार, पेशीवर ते कशाने लादणार. वेळेचे आकडे द्या. प्रथिन तयार होऊन चमकायला वेळ लागतो आणि तो विलंब लूपला डळमळीत करू शकतो; हा धोका आधी स्वतःच सांगा आणि पर्यायी योजना जोडा. जीवशास्त्राच्या परीक्षकाला यातून प्रयोग दिसतो, कंट्रोलच्या परीक्षकाला प्रश्न. वेळापत्रकाचा गँट तक्ताही याच दहा पानांत बसवायचा असतो.

निकालानंतर

निकाल साधारण पाच महिन्यांत लागतो. निवड झाली तर संस्था तुम्हाला नोकरीवर घेते, म्हणजे सामाजिक सुरक्षेसह करार मिळतो. 85 टक्के किंवा जास्त गुण मिळूनही निधी नाही मिळाला, तर ‘सील ऑफ एक्सलन्स’ मिळते आणि काही देश व संस्था त्यावर स्वतःचा पैसा देतात. 2025 च्या नियमांत 70 टक्क्यांच्या खाली गेलेल्याला पुढच्या वर्षी त्याच यजमान संस्थेकडून अर्ज करता येत नव्हता. दुसरी संस्था घेऊन करता येत होता, म्हणून सुपरवायझर शोधताना दुसऱ्या पसंतीच्या प्रयोगशाळेशीही पत्रव्यवहार चालू ठेवा.