ऑर्किड : कुंडीबदलानंतरची म्लानता व उपचार

ऑर्किडचे रोप एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत किंवा एका माध्यमातून (कुंडीत मुळांभोवती भरलेली साल, मॉस इत्यादी) दुसऱ्या माध्यमात हलविल्यावर काही दिवसांत ते मलूल दिसू लागते. पाने मऊ पडून लोंबतात, त्यांवर लांबट सुरकुत्या येतात, आभासी कंद (खोडाचे पाणी साठविणारे फुगीर भाग) आक्रसतात, कळ्या पिवळ्या पडून गळतात. या अवस्थेस पुनर्रोपणोत्तर म्लानता म्हणतात. ती सर्वच अपिवनस्पती (दुसऱ्या झाडांच्या आधाराने वाढणाऱ्या) ऑर्किडांत आढळते; तथापि घरगुती लागवडीत ती मुख्यतः फॅलेनॉप्सिस या वंशात दिसते, म्हणून येथे त्याचाच प्राधान्याने विचार केला आहे. हा वंश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लुडविग ब्लूमे यांनी १८२५ मध्ये स्थापिला. फॅलेनॉप्सिसला आभासी कंद नसतात. पाण्याचा साठा जाड पानांत व मुळांत असतो, त्यामुळे मुळांची इजा थेट पानांवर उमटते, परंतु उशिरा. ही वनस्पती त्वग्रंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) बहुतांशी रात्री उघडते व तेव्हा घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक अम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरते. दिवसाचे बाष्पोत्सर्जन त्यामुळे अल्प राहते आणि मुळे निकामी झाल्यावरही पाने बरेच दिवस ताठ राहू शकतात. म्हणून कुंडीबदलानंतर दोन-चार दिवसांतच पाने लोळली, तर मुळे बहुधा आधीपासूनच कुजलेली असावीत असे धरून चालणे योग्य.

व्हेलामेन व जलशोषणाचा प्रश्न : ऑर्किडच्या मुळाभोवती मृत, पोकळ पेशींचे एक किंवा अनेक थरांचे पांढुरके वेष्टन असते, त्यास व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असल्याने मूळ रुपेरी दिसते. भिजताच ते पारदर्शक होते व आतील हरितद्रव्य दिसून मूळ हिरवे भासते. वेष्टनाच्या आत बाह्यकोशिकांचा जवळजवळ अपार्य (पाणी आरपार जाऊ न देणारा) थर असतो. त्यातील मोजक्या जिवंत पारण-पेशींमधूनच पाणी आत शिरते.

या वेष्टनाचे कार्य काय, यावर दीर्घकाळ मतभेद होता. वनस्पतिशास्त्रज्ञ ए. एफ. डब्ल्यू. शिम्पर यांच्या १८८८ च्या अमेरिकेतील अपिवनस्पतींवरील ग्रंथापासून व्हेलामेन हा पाणी शोषणारा अवयव आहे, असे मत रूढ झाले. एफ. डब्ल्यू. वेंट यांनी १९४० मध्ये जावातील निरीक्षणांवरून त्यास पुस्ती जोडली. पाऊस सुरू होताच झाडाच्या खोडावरून उतरणारे पहिले पाणी खनिजांनी समृद्ध असते. व्हेलामेन ते टिपून धरते व मुळास सावकाश पुरवते, असे त्यांचे म्हणणे होते. डायकस व नुडसन यांनी १९५७ मध्ये याच्या विरुद्ध बाजू मांडली. हवेत लोंबणाऱ्या पक्व मुळांतून फारसे शोषण होत नाही, ते आधाराला चिकटलेल्या भागातून व टोकांकडून होते आणि व्हेलामेनचे काम मुख्यतः संरक्षणाचे आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्सोट्स व विंक्लर यांच्या २०१३ च्या प्रयोगांनी पारडे पुन्हा वेंट यांच्या बाजूने झुकविले. व्हेलामेन काही सेकंदांत पाण्याने भरते, ते रिकामे होण्यास मात्र तास लागतात आणि पाण्यात विरघळलेले खनिजांचे आयन त्यात धरून ठेवले जातात, असे त्यांत दिसून आले. आज हेच मत अधिक ग्राह्य वाटते. तरी डायकस व नुडसन यांचे निरीक्षण सर्वस्वी टाकाऊ नाही. माध्यमाला घट्ट बिलगलेले मूळ ओढून काढले की त्याचा तो सर्वांत कार्यक्षम पृष्ठभाग सोलवटला जातो. मूळ शाबूत दिसत असूनही रोप का सुकते, याचा उलगडा त्यातून बऱ्याच अंशी होतो.

एका माध्यमात वाढलेली मुळे दुसऱ्या माध्यमात रुळत नाहीत, असे बागायतदार सांगतात. स्फॅग्नम मॉस या पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळातील मुळे सतत ओलाव्यात वाढलेली असतात, तर सालीतील मुळांना ओल व कोरडेपणा आळीपाळीने मिळतो. जुनी मुळे आपली रचना बदलू शकत नाहीत, रोप नव्या माध्यमाजोगी नवी मुळे फोडते, हे प्रत्यक्षात वारंवार दिसते. म्हणून म्लान रोपाचे पुनरुज्जीवन म्हणजे वस्तुतः नवी मुळे फुटेपर्यंत त्याला तगवून धरणे होय. कुंडी ओली असूनही रोप तहानलेले असू शकते, हे ध्यानात न आल्याने पाणी वाढविले जाते आणि वाचण्याजोगी असंख्य रोपे त्यातच दगावतात.

माध्यमे : युरोपात उष्ण प्रदेशीय ऑर्किडे आणू लागल्यावर ती कोंदट, तापवलेल्या काचगृहांत मोठ्या संख्येने मेली. इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथे तेथील प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३० च्या दशकात खेळती हवा व कमी तापमान यांचा अवलंब केल्यावर परिस्थिती सुधारली. पुढे ऑस्मुंडा नेच्याच्या मुळांचा तंतू हे प्रमुख माध्यम ठरले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याची जागा सूचिपर्णी वृक्षांच्या सालीने घेतली. भारतात नारळाची सोडणे, लाकडी कोळसा व विटांचे तुकडे यांचा वापर सर्रास होतो. नवी कोरडी साल पाणी झिडकारते. वरून घातलेले पाणी तिच्या तुकड्यांवरून घरंगळून तळच्या भोकांतून निघून जाते आणि पाणी घालूनही मुळे कोरडी राहतात. म्हणून ती रात्रभर भिजवून मगच भरावी. सोडणांत सोडियम व पोटॅशियमचे क्षार असतात. ती पाणी बदलून अनेकदा धुवावी लागतात.

बाजारात मिळणाऱ्या रोपांच्या मुळांत बहुधा मॉसचा घट्ट दाबलेला गोळा असतो. कुंडीबदल करताना बाहेरचे मॉस निघते, मधला गोळा तसाच राहतो. वरचे माध्यम कोरडे झालेले पाहून पाणी घालत गेल्यास हा गाभा कधीच सुकत नाही व खोडाच्या बुंध्याशी कूज सुरू होते.

परीक्षा व उपचार : रोप कुंडीतून काढून मुळे कोमट पाण्यात धुवावीत व बोटांच्या चिमटीत एकेक दाबून पाहावी. जिवंत मूळ टणक लागते. प्रकाश न मिळाल्याने ते पिवळसर असले तरी चालते, रंगावरून ते कापू नये. मेलेल्या मुळाचे वेष्टन चिमटीत पिचते व मोज्यासारखे सरकून निघते. आत दोऱ्यासारखा रंभ (मुळाचा मधला गाभा) तेवढा उरतो. अशी मुळे निर्जंतुक पात्याने काढावीत. सिंबिडियम मोझेइक व ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे विषाणू हत्यारांतून पसरत असल्याने प्रत्येक रोपानंतर पाते ज्योतीत तापवून घेणे आवश्यक ठरते. कापावर दालचिनीची पूड लावण्याचा प्रघात आहे. तिच्यात कवकरोधक गुण आहेत, पण ती शोषकही आहे. धडधाकट मुळांवर पडल्यास ती सुकतात. खोडावरील जखमेपुरताच तिचा उपयोग करणे इष्ट.

उरलेल्या मुळांना मावेल एवढीच लहान कुंडी घ्यावी. मोठ्या कुंडीत माध्यम वाळत नाही. रोप काडीला बांधून स्थिर करावे. हा भाग सहसा दुर्लक्षिला जातो, परंतु तो कळीचा आहे. रोप हलत राहिल्यास नव्या मुळांची कोवळी टोके माध्यमावर घासली जातात, आणि टोक मेले की मुळाची लांबी तेथेच थांबते. फुलांचा दांडा असल्यास तो कापावा. रोप थेट उन्हापासून दूर, मंद पण स्वच्छ उजेडात ठेवावे. मुळे जवळजवळ संपलेली असल्यास किंचित दमट मॉसवर रोप ठेवून भोवती पारदर्शक पिशवी बांधतात. हवा दमट राहिल्याने पानांतून पाणी कमी जाते. पिशवी अधूनमधून उघडावी व शेंड्यात पाणी साचू देऊ नये. इंडोल ब्युटिरिक अम्लासारखी मूलप्रवर्तक द्रव्येही वापरतात; मात्रा अधिक झाल्यास मुळे खुंटतात. साखरेचे पाणी पाजण्याचा सल्ला दिला जातो, तो स्वीकारण्याजोगा नाही. त्यावर कवके व जीवाणू पोसतात. खत नव्या मुळांची हिरवी वा तांबूस टोके दिसेपर्यंत देऊ नये, त्यानंतरही अगदी सौम्य द्यावे. पाणी शक्यतो पावसाचे असावे. बोअरच्या जड पाण्याचे क्षार व्हेलामेनमध्ये साचतात.

पहिले नवे मूळ खालच्या पानांच्या बेचक्यातून निघते. त्यास काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. सुरकुतलेली जुनी पाने पूर्ववत होतीलच असे नाही. मिल्टोनिऑप्सिस व ऑन्सिडियम या ऑर्किड वंशांच्या पानांवर पडलेल्या चुण्या कायम राहतात. सुधारणा नव्या पानाच्या ताठपणावरून जोखावी.

महाराष्ट्रात कोकणातील दमट हवेत उपचार तुलनेने सोपा जातो. देशावर उन्हाळ्यात हवा फार कोरडी असते, तेथे मार्च ते मे या काळात कुंडीबदल टाळून पावसाळ्याच्या सुरुवातीस करावा.

म्लानता व नैसर्गिक विश्रांती यांत गल्लत होते. पश्चिम घाटातील डेंड्रोबियम बार्बाट्युलम हे ऑर्किड पाने गाळून निष्पर्ण खोडावर पांढरी फुले देते. तशा रोपाचे आक्रसलेले खोड पाहून त्यास पाणी वाढविणे घातक ठरते. तसेच शेंडा काळपट, पाणथळ व दुर्गंधी झाल्यास ती म्लानता नसून जीवाणूजन्य वा फायटोप्थोरा या कवकसदृश रोगकारकामुळे होणारी कूज असते. तिच्यात आर्द्रता वाढविण्याचा उपाय उलट फळतो. फॅलेनॉप्सिसचे खोड एकाच शेंड्याने वाढते, त्यामुळे शेंडा गेल्यावर वरची वाढ संपते. बुंध्याजवळची एखादी कळी जिवंत असल्यास मात्र तेथून पिल्लू फुटते. त्याला स्वतःची मुळे आल्यावर ते वेगळे करता येते.