औषधाच्या खिडकीमागं काय चाललंय: सरकारी खरेदीची पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडच्या बीपी-शुगरच्या पेशंटला विचारा, सरकारी गोळ्या खरेदी कोण करतं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं "डॉक्टरच मागवत असतील की". महिन्याच्या जागी दहा दिवसांच्या गोळ्या हातात पडल्या की राग निघतो खिडकीतल्या फार्मासिस्टवर, आणि त्या बिचाऱ्याच्या हातात मागणी पाठवण्यापलीकडं फारसं काही नसतं. स्ट्रिपवर 'महाराष्ट्र शासन, विक्रीसाठी नाही' असा शिक्का असतो तो सगळे बघतात, पण त्यामागची निविदा मुंबईत निघते हे फार थोड्यांना माहीत असतं.

जुनी पद्धत दर कराराची. वर भाव ठरायचा, खाली जिल्हा ऑर्डर टाकायचा, कमी पडलं तर गावातच स्थानिक खरेदी. तिचे धोके 1986 ला दिसले होते, मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ग्लिसरॉल नावाच्या भेसळीच्या औषधानं 14 पेशंट गेले, आयोग बसला, अहवाल आल्यावर आरोग्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. 'सरकारी गोळीला गुण येत नाही' असं आपल्याकडं म्हणतात त्याला अशा गोष्टींनी खतपाणीच मिळालं. तमिळनाडूनं 1995 च्या सुमारास वेगळा मार्ग धरला, खरेदीला स्वतंत्र महामंडळ, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, प्रत्येक दवाखान्याला पासबुक, म्हणजे तुमच्या नावावर इतके रुपये आहेत, त्यात तुम्हाला लागेल ते उचला. माल लॅबमधून पास झाल्याशिवाय दवाखान्यात जायचा नाही.

आपल्याकडं खरी उलथापालथ 2017 ची. त्याच्या आदल्या वर्षी गरज नसताना औषधं घेतल्याचे आरोप झाले, अधिकारी निलंबित झाले, आणि मग सरकारनं ठरवलं की आरोग्य खातं, मेडिकल कॉलेजं, सगळ्यांची खरेदी एकाच ठिकाणाहून. ते ठिकाण कुठलं, तर परळची लसी बनवणारी सरकारी कंपनी! आता लस बनवणं वेगळं आणि राज्यभरच्या दवाखान्यांसाठी शेकड्यांनी औषधं, इंजेक्शनं, सुया, सलाईन यांच्या निविदा काढणं वेगळं, त्यासाठी लागणारी माणसं तिथं होतीच कुठं? खात्यांनी पैसे तिकडं वर्ग केले, ते पडून राहिले, निविदा रखडल्या, पुरवठादार जुन्या थकीत बिलांवरून अडून बसले, आणि इकडं तालुक्याच्या दवाखान्यात 'बाहेरून आणा' ची चिठ्ठी. स्थानिक खरेदीला मुभा होती ती सुरुवातीला फक्त दहा टक्क्यांची, म्हणजे वरून माल आला नाही तर खालच्या डॉक्टरनं करायचं काय हा प्रश्नच होता. निर्णयाच्या बाजूनं बोलणारे सांगतात की जुन्या पद्धतीत जागोजागी टक्केवारी चालायची, एकत्र घेतलं की भाव पडतो. ते खोटं नाही. पण तमिळनाडूकडून एकत्र खरेदी तेवढी घेतली आणि पासबुक तिथंच ठेवलं, माझ्या मते सगळी गोची इथं झाली. पेशंटला यातलं कुणीच काही सांगितलं नाही, त्यामुळं गावात अर्थ एकच निघाला, गोळ्या येतात पण मधेच कुणीतरी खातंय.

2023 मध्ये कायदा करून खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण आणलं, त्या कंपनीकडचं काम काढून घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या तोंडावर नांदेडच्या सरकारी हॉस्पिटलात 24 तासांत 24 जण दगावले, त्यात 12 नवजात बाळं. प्रशासन म्हणालं औषधं होती, नातेवाईक म्हणाले बाहेरून आणायला लावली. पुढं स्थानिक खरेदीची मर्यादा वाढवायची मागणी परत जोरात आली. पण 2024 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत पुरवलेल्या अँटिबायोटिकमध्ये टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचं आरोपपत्रातून पुढं आलं. ही बातमी व्हॉट्सॲपवर आपल्याकडंही फिरली आणि आधीच 'सरकारी नको, मेडिकलमधली द्या' म्हणणाऱ्यांना आयतं कारण मिळालं.

सांगली भागात अजून एक घोळ आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यात केस पेपरसकट सगळं मोफत, असं लोकांनी ऐकलं. तो निर्णय आरोग्य खात्याच्या दवाखान्यांना होता, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलना नाही. मिरजेचं कॉलेज 1962 चं, सांगलीचं सिव्हिल त्यालाच जोडलेलं, म्हणजे दोन्ही वैद्यकीय शिक्षण खात्याकडं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पैसे न देता आलेला माणूस तिथून पुढं पाठवला की इथं केस पेपरचे पैसे मागितले जातात म्हणून भांडतो, आणि खिडकीवरचा क्लार्क "हे वेगळं खातं आहे" एवढंच सांगतो. दोन खाती वेगळी आणि खरेदीचं प्राधिकरण मात्र एकच, हे त्याला कुठल्या फलकावर वाचायला मिळणार?