क्लिकमागचा हेतू कसा ओळखायचा?

सर्व्हरच्या लॉगमधल्या, म्हणजे संकेतस्थळावर कोण कधी आलं याच्या नोंदींतल्या, पाच ओळी घेऊ. पाचही ओळींत आयपी पत्ता एकच, ब्राउझर एकच आणि सगळ्या भेटी अकरा मिनिटांच्या आतल्या. प्रत्येक क्लिकचे पैसे मोजणारा जाहिरातदार हे पाहून हादरतोच. कुणीतरी मुद्दाम आपलं बजेट संपवतंय, असं त्याला वाटतं. पण गूगलच्या जाहिरातींत दर क्लिकला एक वेगळा क्रमांक मिळतो आणि तो पानाच्या पत्त्याला शेवटी जोडलेला असतो. तो तपासला, तर पाचही ओळींत तोच निघतो. म्हणजे क्लिक एकच झाली होती. माणूस आतल्या पानावर गेला, मागे आला, पुन्हा गेला आणि दर वेळी पान नव्याने लोड झालं. पैसे एकदाच कापले गेले. क्रमांक पाच वेगवेगळे असते, तर मात्र संशयाला जागा होती.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि या विषयाची सगळी अडचण इथेच आहे. खरेदीच्या विचारात असलेल्या माणसाची क्लिक आणि स्पर्धकाचा खिसा रिकामा करू पाहणाऱ्याची क्लिक संगणकाच्या लेखी सारखीच असते. हेतू कुठेच नोंदला जात नाही.

क्लिकनुसार पैसे घेण्याची पद्धत 1998 मध्ये गोटू डॉट कॉम या शोधसंकेतस्थळाने रुजवली. गूगलने 2002 मध्ये ती उचलली आणि पुढच्याच वर्षी इतरांच्या संकेतस्थळांवरही जाहिराती दाखवून कमाईतला वाटा त्या मालकांना द्यायला सुरुवात केली. त्यामुळे फसवणुकीला दुसरं कारण मिळालं. आता स्पर्धकाचं नुकसान करण्यासाठीच नव्हे, तर स्वतःच्या पानावरच्या जाहिरातींवर खोट्या क्लिक करून सरळ पैसे कमावण्यासाठीही ती होऊ लागली.

अमेरिकेत जाहिरातदार कोर्टात गेले. अर्कान्सामधल्या दाव्यात 2006 साली गूगलने कमाल 9 कोटी डॉलरची तडजोड केली. त्या दाव्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी गूगलची गाळणी, म्हणजे अवैध क्लिक वेगळ्या काढणारी यंत्रणा, आतून तपासून अहवाल लिहिला. गूगलचे प्रयत्न त्यांनी वाजवी ठरवले, पण एक पेचही मांडला. अवैध क्लिक ओळखायचे नेमके नियम जाहीर केले, तर लबाड त्यांतून पळवाटा काढणार. गुप्त ठेवले, तर आपल्याकडून घेतलेले पैसे रास्त आहेत का, हे जाहिरातदाराला कधीच पडताळता येणार नाही. मला हा पेच तांत्रिक अडचणींपेक्षा मोठा वाटतो, कारण क्लिक मोजणाराच त्या क्लिकचे पैसे घेत असतो. याच अहवालात डबल क्लिकचाही मुद्दा आहे. सवयीने दोनदा बटण दाबणाऱ्याच्या दुसऱ्या क्लिकचेही पैसे 2005 पर्यंत लावले जात होते. त्यात कुणाची लबाडी नव्हती, तरी भुर्दंड जाहिरातदारालाच पडत होता.

एकट्या क्लिकवरून काही कळत नसेल, तर अनेक क्लिक एकत्र पाहायच्या. एकमेकांशी संबंध नसलेली माणसं येतात तेव्हा दोन क्लिकमधलं अंतर अनियमित असतं. कधी तीन सेकंद, कधी चाळीस मिनिटं. ठरावीक अंतराने येणाऱ्या क्लिक म्हणूनच खटकतात. माउस हलवणारा हात वळणं घेत जातो, जवळ पोचल्यावर मंदावतो. साधा बॉट, म्हणजे आपोआप क्लिक करणारा प्रोग्राम, थेट बटणाच्या मधोमध जाऊन बसतो. हुशार बॉट ही लक्षणंही उचलतात. 2006 मध्ये उघडकीस आलेल्या क्लिकबॉट.ए या बॉटने सुमारे 1 लाख संगणक ताब्यात घेतले होते, आणि त्याचा भर होता तो प्रत्येक संगणकाने अगदी मोजक्याच क्लिक करण्यावर. आवाज इतका कमी ठेवला की कुठलाही एक संगणक डोळ्यांत भरत नाही.

मग कडक नियम लावायचे का? आकडेमोड करून पाहू. समजा 10,000 क्लिकमध्ये 100 खोट्या आहेत. गाळणी त्यांतल्या 95 पकडते आणि खऱ्यांपैकी फक्त 2 टक्के चुकून खोट्या ठरवते. ऐकायला उत्तम! पण खऱ्या 9,900 आहेत, म्हणजे चुकून अडकलेल्या 198. पकडलेल्या 293 पैकी दोन तृतीयांश निर्दोष. खोट्यांचं प्रमाण जितकं कमी, तितकी ही चूक वाढते.

म्हणून संशय आला की लगेच आयपी पत्ते ब्लॉक करत सुटणं मला धोक्याचं वाटतं. मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक फोनना वाटून देतात. तो बंद केला की एका लबाडासोबत कितीतरी खऱ्या ग्राहकांनाही जाहिरात दिसेनाशी होते, आणि लबाड तोवर दुसऱ्या पत्त्यावर गेलेला असतो.

त्यापेक्षा क्लिकनंतर काय घडलं, ते पाहावं. क्लिक वाढल्या पण चौकशी किंवा खरेदी जागच्या जागी राहिली, तर वाढ कुठून आली ते शोधायचं: कोणत्या संकेतस्थळावरून, कोणत्या तासाला, कोणत्या भागातून. एखाद्या संकेतस्थळावरून येणारे सगळेच दोन सेकंदांत परत जात असतील, तर जाहिरात तिथून काढून घ्यायची. क्लिकचे क्रमांक आणि वेळा असलेले लॉग जपून ठेवायचे, कारण तपासाची मागणी करताना तेच हाती असतात. गूगलच्या जाहिरात खात्यात अवैध क्लिकचा स्तंभही असतो, फक्त तो अहवालात आपणहून जोडावा लागतो. त्यात दिसतात त्या गाळणीने पकडलेल्या क्लिक, ज्यांचे पैसे घेतले गेलेले नाहीत. निसटलेल्या क्लिक मात्र इतर सगळ्यांसारख्याच बिलात जाऊन बसतात.