नाशिकमधल्या फ्रीलान्सरांसाठी: आयकर, जीएसटी, व्यवसाय कर आणि अर्ज नेमका कुठे अडतो

घरून काम करणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा नोटीस हातात घेऊनच. कुणी अंबड-सातपूरच्या कंपन्यांना ड्रॉइंग करून देतो, कुणी इंदिरानगरमधून परदेशातल्या क्लायंटचं कोडिंग करते, कुणी गंगापूर रोडला इंटेरियरची कामं घेते. प्रश्न सगळ्यांचा एकच: "टीडीएस तर कापला होता, मग राहिलं काय?" टीडीएस म्हणजे क्लायंटने पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर.

तुमच्या एकाच कमाईकडे तीन खाती तीन तऱ्हेने बघतात. आयकर नफ्यावर लागतो. जीएसटीची मर्यादा बिलांच्या पूर्ण बेरजेवर ठरते. राज्याचा व्यवसाय कर तर तुम्ही किती कमावलं हे विचारतही नाही. एका खात्याचा आकडा दुसऱ्याला लावला की गाडी अडते. खालचे आयकराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या कमाईचे आहेत.

आयकर: फॉर्म चुकतो तिथून सुरुवात

टीडीएस कापला म्हणजे पगारासारखंच, असं समजून अनेक जण आयटीआर-१ भरतात. तो फॉर्म व्यवसायाच्या उत्पन्नासाठी नाहीच. मग रिटर्न सदोष असल्याची नोटीस येते आणि दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. फ्रीलान्सरचा फॉर्म आयटीआर-३ किंवा आयटीआर-४.

आयटीआर-४ सोपा, कारण कलम ४४ एडीएखाली एकूण जमेचा निम्मा भाग नफा धरला जातो आणि खर्चाचे हिशेब दाखवावे लागत नाहीत. जमा वर्षाला ५० लाखांपर्यंत हवी; रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत चालते. पण ही सवलत ठरावीक पेशांनाच आहे: वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, कंपनी सेक्रेटरी, चित्रपट कलाकार आणि असे मोजके. भाषांतरकार किंवा कंटेंट लिहिणारा या यादीत नाही. मित्राने भरला म्हणून तुम्हीही आयटीआर-४ भरू नका. आपला पेशा यादीत नसेल तर खर्चाच्या पावत्या सांभाळून आयटीआर-३ भरणं बरं.

दुसरी ठेच फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात लागते. क्लायंट फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला देत नाही म्हणून लोक हवालदिल होतात. त्या कागदासाठी अडू नका, २६एएस आणि एआयएस (आयकर पोर्टलवरचा तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचा गोषवारा) स्वतः उघडून बघा. तिथे कापलेल्या रकमेसमोर कलमही लिहिलेलं असतं. १९४जे म्हणजे क्लायंटने तुम्हाला व्यावसायिक किंवा तांत्रिक सेवेचे पैसे दिले. १९४सी म्हणजे कंत्राटाचे. २६एएसमध्ये १९४जे असताना रिटर्नमध्ये दुकानदारासारखा ६ टक्के नफा दाखवला तर विचारणा होणारच. कलम चुकीचं पडलं असेल तर ते क्लायंटकडूनच दुरुस्त करून घ्यावं लागतं. आणि एप्रिलमध्ये रिटर्न भरायची घाई नको. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण भरायला क्लायंटला ३१ मेपर्यंत मुदत असते, तोवर तुमची कपात तिथे दिसतच नाही.

आगाऊ कराची तारीख तर दरवर्षी चुकते. टीडीएस वजा जाता १० हजार किंवा जास्त कर निघत असेल तर तो वर्ष संपण्याआधी भरायचा असतो. एरवी जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखा. ४४ एडीएवाल्यांना एकच, १५ मार्च. लोक ३१ मार्च धरून बसतात. समजा परदेशातून ३० लाख आले आणि टीडीएस शून्य. निम्मे १५ लाख नफा, नव्या करप्रणालीत उपकरासह कर १,०९,२०० रुपये. तो मार्चमध्ये भरला नाही तर एप्रिलपासून दरमहा एक टक्का व्याज चालू होतं.

जुनी करप्रणाली हवी असेल तर फॉर्म १०-आयईए रिटर्नच्या मुदतीच्या आत भरा. नोकरदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते, आपल्याला नाही. एकदा जुनीत जाऊन पुन्हा नवीत आलात की व्यवसायाचं उत्पन्न असेपर्यंत जुनीचा दरवाजा बंद. नोकरदाराची ७५ हजारांची प्रमाणित वजावटही आपल्याला मिळत नाही, ती धरून हिशेब करू नका.

जीएसटी: निम्मे नाही, पूर्ण

आता तो गैरसमज, ज्यापायी सर्वात जास्त माणसं अडकतात. समजा तुमची वर्षाची बिलं २४ लाखांची. ४४ एडीएने नफा १२ लाख, नव्या प्रणालीत सूट धरून आयकर शून्य. माणूस निर्धास्त होतो. पण सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे आणि ती २४ लाखांना लागते, १२ ला नाही. परदेशातल्या क्लायंटची बिलंही या बेरजेत धरतात. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. नोंदणीला सरकारी शुल्क काही नाही.

पॅन, आधार, फोटो, बँकेचा तपशील ही कामं पाच मिनिटांची. अडतो तो पत्त्याचा पुरावा. सिडकोतलं घर तीन हात फिरून तुमच्याकडे आलेलं, महावितरणचं बिल मूळ मालकाच्या नावावर. पंचवटीतल्या जुन्या घराची घरपट्टी आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली. गेलेल्या माणसाचं संमतीपत्र कुठून आणणार? अशा वेळी आधी बिलावर किंवा घरपट्टीवर हयात व्यक्तीचं नाव लावून घ्या, मगच अर्ज करा. घर आई-वडिलांचं किंवा जोडीदाराचं असेल तर त्यांचं साध्या कागदावरचं संमतीपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि मालकीचा एक कागद पुरतो. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि घरमालकाचा मालकीचा एक कागद. करार नोंदणीकृत नसेल तर घरमालकाचं ओळखपत्रही.

तरीही अधिकारी आणखी कागद मागतात, याचा मला खरोखर संताप येतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ ला आपल्या अधिकाऱ्यांना लेखी सूचना दिली आहे, की यादीबाहेरचे कागद मागू नका आणि अंदाजावर शंका काढू नका. ती सूचना क्रमांक ०३/२०२५ आहे. उत्तरात तिचा उल्लेख नम्रपणे करा. मात्र उत्तर द्याच. शंका पोर्टलवर येते आणि उत्तराला कामाचे सात दिवसच असतात. कुणी फोन करून सांगत नाही. रोज लॉगिन करून बघा, नाहीतर चांगला अर्ज नुसत्या गप्प बसण्याने फेटाळला जातो.

परदेशी क्लायंट असतील तर नोंदणीनंतर एलयूटी नावाचं हमीपत्र भरा, म्हणजे निर्यातीवर कर न भरता बिल देता येतं. हे पत्र दर आर्थिक वर्षी नव्याने भरायचं असतं. एकदा भरलं की कायमचं झालं असं नाही. पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला प्रत्येक रकमेमागे त्याच वेळी मागून ठेवा. दोन वर्षांनी मागायला गेलात तर फेऱ्याच पडतात.

व्यवसाय कर

वर्षाला २,५०० रुपये, १९७५ च्या राज्य कायद्याखाली. वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, तांत्रिक आणि व्यावसायिक सल्लागार, तसेच जीएसटीत नोंद असलेल्यांना लागतो. महाजीएसटीच्या, म्हणजे राज्याच्या जीएसटी खात्याच्या संकेतस्थळावर पीटीईसी (व्यवसाय कराची स्वतःच्या नावाची नोंदणी) घ्या. कागद फारसे लागत नाहीत. दरमहा २५ हजारांपर्यंत महिलांना माफी आहे ती पगारदार महिलांना, फ्रीलान्सर बाईला नाही. दर हंगामात दोघी-तिघी या गैरसमजात सापडतात, म्हणून मुद्दाम सांगते. ६५ वर्षांवरच्यांना मात्र कर माफ आहे.

भरण्याची तारीख ३० जून, चालू वर्षासाठी. नोंदणी ३१ मेनंतर झाली असेल तर नोंदणीपासून एक महिना. पाच वर्षांचे एकरकमी १०,००० भरले तर एका वर्षाचे पैसे वाचतात. पीटीईसीला रिटर्न नसतं, म्हणूनच लोक ती विसरतात. उद्या नोकरी लागली आणि फ्रीलान्सिंग थांबवलं तर पीटीईसी रद्द करण्याचा अर्ज त्याच संकेतस्थळावर करा, नाहीतर तुमच्या नावावर दरवर्षी २,५०० ची मागणी चढत राहते.