युद्धकालीन धान्यनियंत्रण व पुरवठा (मराठवाडा)

युद्धाच्या काळात सैन्य, शहरे व कारखाने यांना लागणारा माल कमी पडू नये, म्हणून सरकार धान्य, कापड व इंधन यांची खरेदी, वाहतूक आणि विक्री आपल्या ताब्यात घेते. मराठवाड्याला या व्यवस्थेचा सर्वांत मोठा अनुभव आला तो दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत. त्या वेळी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या हैदराबाद संस्थानात होते.

रणभूमी लांब असली, तरी झळ घरात पोहोचली. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ व तेल बंद झाले. रेल्वेच्या वाघिणी आधी लष्कराला मिळू लागल्या. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरील जालना, परभणी, नांदेड या बाजारपेठांना मालासाठी ताटकळावे लागे. त्यातच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात केलेल्या खर्चाची रक्कम लंडनमध्ये पौंडांत जमा होई आणि इथे तिच्या बदल्यात नोटा छापल्या जात. युद्ध संपेपर्यंत चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. माल तेवढाच किंवा कमी आणि पैसा भरमसाट, त्यामुळे भाव कडाडले.

संस्थानाने धान्याची खरेदी, साठवण व वाटप यांसाठी हैदराबाद कमर्शियल कॉर्पोरेशन स्थापन केले आणि शेतकऱ्यांवर सक्तीची लेव्ही, म्हणजे ठरवून दिलेले धान्य सरकारला सरकारी भावाने घालण्याची सक्ती, बसवली. सुगी झाली की गिरदावर (पटवाऱ्यांवर देखरेख करणारा महसूल अधिकारी) व पटवारी गावात येत. कोणाच्या शेतात किती एकर काय पेरले आहे, हे पटवाऱ्याच्या कागदावर असे आणि त्या क्षेत्रावरून घालायच्या धान्याचा आकडा ठरे. खळ्यावर रास किती पडली, याला दुय्यम महत्त्व होते. पाऊस दगा देऊन एकरी दोन मण ज्वारी झाली, तरी आकडा कागदाप्रमाणेच. भाव सरकारी, बाजारभावापेक्षा कमी. घरचे धान्य पुरत नाही म्हणून बाजारातून चढ्या दराने ज्वारी विकत घेऊन लेव्ही भरण्याची पाळी लहान कुणब्यावर येई. ज्याची पाटील-पटवाऱ्याकडे ऊठबस होती, त्याचे क्षेत्र मात्र कागदावरच आकसे. माळवदाच्या घरातल्या बळदात (भिंतीतल्या धान्याच्या कोठीत) किंवा अंगणातल्या पेवात (जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात) धान्य दडवणे हाच उरलेल्यांचा उपाय होता. पेव उघडताना आतल्या दूषित हवेने माणूस गुदमरू शकतो, म्हणून तोंड मोकळे करून बराच वेळ थांबावे लागे. झडतीची भीती असताना रात्री हे काम करणे सोपे नव्हते.

लेव्हीची कल्पना मुळात वाईट नव्हती. शेतमजूर, विणकर, हमाल असे धान्य विकत घेऊनच खाणारे लोक बाजाराच्या भरवशावर सोडले, तर काय होते हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने दाखवले. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. मराठवाड्यात चूक झाली ती आकारणीत आणि ती करणाऱ्या माणसांत. वरचा हुकूम कितीही न्याय्य असो, गावात तो पटवाऱ्याच्या लेखणीतूनच उतरे.

साखर, रॉकेल व कापडही नियंत्रणाखाली आले. कापड आणि सूत यांवरील अखिल भारतीय नियंत्रण १९४३ चे. हातमागावर बसणाऱ्याला सूत मिळवण्यासाठी खेटे घालावे लागत. जुनी माणसे रेशनच्या दुकानाला पुढेही ‘कंट्रोल’च म्हणत राहिली.

संस्थानाची सरहद्द हा वेगळाच पेच होता. हैदराबादचा हाली रुपया वेगळा. सात हालींना साधारण सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये, मिळत. जकातीसाठी करोडगिरीचे नाके होते. लातूरची पेठ बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडीशी जोडलेली, म्हणजे तिचा माल मुंबई इलाख्यातून फिरे. दोन्हीकडचे भाव, चलन आणि बंदी निराळे असल्याने चोरट्या वाहतुकीला आयतेच निमित्त मिळाले.

ऑगस्ट १९४७ मध्ये निजामाने भारतात सामील व्हायचे नाकारले आणि त्यानंतर हाच पुरवठा राजकीय लढ्याचे हत्यार झाला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या आंदोलनात लेव्ही नाकारणे, करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करणे, सरकारचा दारूवरचा महसूल बुडावा म्हणून शिंदीची झाडे तोडणे हे कार्यक्रम आले. लेव्हीचा राग गावागावांत आधीच साचला होता, म्हणून हाकेला प्रतिसाद लवकर मिळाला. दुसऱ्या बाजूने, भारत सरकार व निजाम यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार झाला असतानाही १९४८ मध्ये भारताकडून संस्थानाची आर्थिक कोंडी झाली. समुद्रकिनारा नसलेल्या मुलखाला मीठ, पेट्रोल, औषधे बाहेरूनच आणावी लागत. निजामाच्या दरबाराला धडा द्यायचा, तर मिठाविना राहायची वेळ रझाकारांच्या दहशतीत जगणाऱ्या सामान्य रयतेवरही येते. या काळाबद्दल लिहिताना ही बाजू सहसा सुटते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थानाची स्वतंत्र सत्ता संपली.

नियंत्रणे मात्र लगेच उठली नाहीत. ती रफी अहमद किडवाई केंद्रात अन्नमंत्री असताना, १९५२ नंतर सैल झाली आणि १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने साठा व भाव यांवरील सरकारी अधिकार शांततेच्या काळातही कायम राहिले. १९६० च्या दशकात महाराष्ट्र शासनाने ज्वारीची एकाधिकार खरेदी (फक्त सरकारनेच खरेदी करायची अशी व्यवस्था) केली, तेव्हा मराठवाड्यातला शेतकरी पुन्हा सरकारी काट्यासमोर उभा राहिला. १९७१ च्या युद्धाचा भार करांतूनही आला. अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीचे ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे.